एकतिसाव्या भागाला दोन मार्क

शशिधर घुगरे कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका बेअरिंगच्या दुकानात चौदा वर्षं काउंटरला आहे. रस्त्याच्या पलीकडे माझा लग्नपत्रिकांचा छापखाना, त्यामुळे दिवसातून दोनदा तरी आमचा चहा एकत्र होतो. माणूस सरळ. गिऱ्हाइकानं झिजलेलं बेअरिंग हातात दिलं की बोटावर फिरवून, कानाजवळ नेऊन, नंबर सांगणार. शंका असली तर माल देणार नाही, उद्या या म्हणणार. त्याचे मालक अमरसिंह सगळ्यांना सांगतात, "शशी 'चालंल' म्हणाला की डोळं झाकून न्यायचं." अशा माणसाच्या हातून ही गोष्ट घडली, म्हणून तर ती त्याला अजून टोचते.

शशीला एका कार्टून मालिकेचं वेड आहे. 'मेघकोट' तिचं नाव. ढगांवर बांधलेला किल्ला, हरवलेल्या भावाला शोधत तिथं पोचलेली टारा नावाची मुलगी, आणि ढगांच्या नदीतून होडी वल्हवणारी मोरवा म्हातारी. एकूण अठ्ठेचाळीस भाग. शशी बारा-तेरा वर्षांचा असताना ती हिंदीत लागायची, संध्याकाळी साडेपाचला. तेव्हा हे लोक गडहिंग्लजला राहायचे. शशीची आई शिवगंगा, म्हणजे त्याची अव्वा, सुपात शेंगा घेऊन टीव्हीसमोर बसायची. तिला हिंदी येत नव्हतं. घरात कन्नड, दाराबाहेर मराठी, एवढ्यावर तिचं आयुष्य निघालं होतं. मोरवा काय म्हणाली ते शशी तिला कन्नडात सांगायचा. एखाद्या दिवशी सांगायला उशीर झाला तर ती सूप बाजूला ठेवून त्याच्या गुडघ्यावर टकटक करायची. मोरवा तिला आवडायची. "ही बाई कुणाला नाही म्हणत नाही बघ," म्हणायची.

अव्वा चार वर्षांपूर्वी गेली. दिवसकार्य आटोपून कोल्हापूरला परत आल्यावर शशीनं मेघकोट पहिल्या भागापासून पुन्हा बघायला घेतली. बघायची, आणि त्यावर बायकोशी बोलत बसायचं. सुष्मिता महिनाभर ऐकत राहिली, मग म्हणाली, "अहो, मलाच किती सांगताय? कुठंतरी लिहून टाका." म्हणून त्यानं फेसबुकवर पान काढलं. दर रविवारी एक भाग बघायचा आणि संध्याकाळी सात वाजता त्याला दहापैकी मार्क द्यायचे. गोष्टीला चार, चित्राला तीन, आवाजाला दोन आणि शेवटचा एक अव्वाचा. अव्वा हसली असती किंवा तिनं पदर डोळ्याला लावला असता तर तो मार्क मिळायचा, नाहीतर नाही.

लोकांना हा अव्वाचा मार्क फार आवडला. पुढं एका कंपनीनं मेघकोट मराठीत आणली, तेव्हा शशीनं मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली आणि बघता बघता पानावर चौदा हजार माणसं झाली. चंदगडच्या एका प्राथमिक शिक्षकांनी लिहिलं होतं, की तुम्ही सातच्या वर मार्क दिलेले भाग मी शनिवारी वर्गात पोरांना दाखवतो. ते वाचून शशीनं मला दुकानातून हाक मारून बोलावलं होतं. गुणपत्रिका दाखवावी तसा मोबाइल पुढं धरला होता.

मराठीतल्या आवाजांवर तो खूश होता. फक्त मोरवा बोलायला लागली की त्याच्या कपाळाला आठी पडायची. कंपनीनं तिला आपल्याकडच्या खेड्यातली बोली दिली होती आणि आवाज कुणा वयस्क बाईचा होता, जाड, घोगरा, मधेच श्वास लागणारा. बाकीच्या भागांत मोरवाची दोन-चार वाक्यंच असायची, तेव्हा त्यानं अर्धा मार्क कापून सोडून दिलं. पण एकतिसावा भाग सगळा तिचाच होता. त्यात मोरवा शेवटची फेरी मारते आणि होडीतच मरते.

तो रविवार आला. दुपारी सुष्मितानं चहा ठेवला आणि शशीनं टीव्ही लावला. सहाव्या मिनिटाला मोरवा टाराला होडीत घेते. म्हणते, "बस पोरी. भ्यायचं न्हाय. ढग कुणाला बुडवत न्हाय." शशीनं तिथंच टीव्ही बंद केला.

का, ते त्यानं मला नंतर सांगितलं. त्याला पुढचं माहीत होतं. म्हातारी मरताना बघायची त्याची तयारी नव्हती, आणि हे त्याला स्वतःशीही म्हणायचं नव्हतं. राग मात्र आला होता. तो राग आवाजावर काढणं सोपं होतं.

सात वाजायच्या आत लिहायचं होतं. त्यानं लिहिलं, की ही मोरवा होडी चालवत नाही, मार्केट यार्डात गुळाचा सौदा करते आहे. बाईला दम लागलाय, कुणीतरी पाणी द्या. आवाजाला शून्य. अव्वाचा मार्क शून्य. एकूण दोन. एवढ्यावर भागलं नाही म्हणून त्यानं ते होडीतलं वाक्य कापून घेतलं आणि त्याच्या शेवटी म्हशीचं हंबरणं जोडलं. पंधरा सेकंदांची क्लिप झाली.

सुष्मिता चहाचा कप घेऊन उभी होती. म्हणाली, "सगळा बघितला तुम्ही? मी आत जाऊन आले तोवर टीव्ही बंद होता की."

"बघितला," शशी म्हणाला.

मंगळवारपर्यंत ती क्लिप तीन लाख लोकांनी बघितली. पानाचे चौदा हजार होते ते बावीस हजार झाले. रिक्षावाले ती लावत होते, कॉलेजची पोरं एकमेकांना "बस पोरी" म्हणून म्हशीसारखी हंबरत होती. अमरसिंहांनी गिऱ्हाइकासमोर लावून दाखवली. मी ती सहा जणांना पाठवली, त्यातले दोघे माझ्या बायकोच्या माहेरचे, गडहिंग्लजचे. हसायला येत होतं, हे खोटं कशाला सांगू. शशीही हसत होता. फक्त लोक "शेवट कसा वाटला?" असं विचारायचे त्याला तो उत्तर देत नव्हता.

बुधवारी सकाळी त्याला फोन आला. बाई हळू बोलत होती.

"घुगरे सर का? मी स्वप्नाली बोलतेय. मेघकोटचं मराठी रेकॉर्डिंग मी करते, इथं कोल्हापुरातच. तुमचं पान मी पहिल्यापासून वाचते."

शशी सावध झाला. म्हणाला, "बोला की."

"तक्रार करायला फोन नाही केला. मार्क तुमचे, तुम्ही काय पण द्या. एकच विचारायचं होतं. एकतिसावा भाग तुम्ही शेवटपर्यंत बघितला होता का?"

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. शशी म्हणाला, "हो, बघितला की."

"बरं. कंपनीनं काल आवाज बदलायला सांगितला. मोरवा पुढच्या भागांत आठवणी म्हणून येते ना, ते नव्या बाई करणार. आत्तापर्यंत मोरवाचा आवाज देणाऱ्या आक्कांना मी आज सांगितलं. त्या म्हणाल्या, पोरं कशाला हसत्यात, मी काय चुकलो? मला काही सांगता आलं नाही. म्हटलं तुम्हाला विचारावं, तुम्ही बारकाईनं बघता."

फोन ठेवल्यावर शशीनं गिऱ्हाइकाला चुकीचं ऑइल सील दिलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा. अमरसिंहांनी बदलून दिलं आणि त्याच्याकडे नुसतं बघितलं.

जेवणाच्या सुट्टीत तो डबा न उघडता माळ्यावर गेला. बेअरिंगच्या खोक्यांना मोबाइल टेकवला आणि एकतिसावा भाग सातव्या मिनिटापासून लावला.

भागाचा शेवट असा आहे. वादळ सुटलेलं असतं. मोरवाला बाण लागलेला, पण ती टाराला सांगत नाही. वल्हं मारत गोष्टी सांगत राहते, तिच्या लहानपणाच्या, माशांच्या, कुणा बहिणीच्या. प्रत्येक वल्ह्यागणिक श्वास कमी पडतो. ती वाक्य अर्ध्यावर सोडते, श्वास घेते, पुन्हा तिथूनच धरते. शेवटी किनारा दिसतो तेव्हा म्हणते, "उतर आता. मागं बघू नगंस, पाय घसरंल." टारा उतरते, मागं बघत नाही, आणि त्या आवाजात पुढं फक्त श्वास राहतो, मग तोही नाही.

आवाजात दम लागला होता, तो मोरवाला लागला होता. हिंदीतल्या बाईनं हा प्रसंग गोड आवाजात, रडत रडत केला होता. ही रडली नव्हती. आजारात अव्वा अशीच बोलायची, एक शब्द, मग थांबून दुसरा, आणि मधेच विचारायची की तू जेवलास का. शशी माळ्यावर खोक्यांच्या मधे बसून रडला. आपण हे न बघता शून्य दिलं, आणि मेलेल्या आईच्या नावानं दिलं, हे त्याला तिथं पहिल्यांदा नीट कळलं.

मी चहाला बोलवायला गेलो तेव्हा तो जिन्यात बसला होता. त्यानं सगळं सांगितलं. मी म्हणालो, "काढून टाक की ते." त्यानं माझ्यासमोर पोस्ट आणि क्लिप दोन्ही काढल्या. पण क्लिप आता त्याची राहिली नव्हती. माझ्याच मोबाइलवर ती तीन वेगवेगळ्या ग्रुपांतून परत आली होती.

संध्याकाळी त्यानं नवीन लिहिलं. भाग न बघता मार्क दिले होते, चूक झाली, आता बघितला, नऊ मार्क. खाली लोकांनी लिहिलं, कंपनीनं किती दिले? कुणी लिहिलं, जोक समजत नाही का तुला. चंदगडच्या शिक्षकांनी एकच ओळ लिहिली: "म्हणजे आधीचेही न बघता दिले होते का?" आधीचे त्यानं बघून दिले होते. पण ते आता कुणाला पटवणार? त्यानं उत्तर लिहिलं नाही. सुष्मितालाही त्यानं त्या दिवशी खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला कळलं होतं. तुम्ही कधी सांगताय त्याची वाट बघत होते." त्याला वाटलं होतं ती रागावेल. ती रागावली नाही, ते त्याला जास्त लागलं.

स्वप्नालीकडून आक्कांचा पत्ता घेऊन पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो गेला. पन्हाळ्याच्या एसटीनं वाघबीळला उतरून आत दोन किलोमीटर चालायचं. धोंडुबाई त्यांचं नाव, पण गाव आक्काच म्हणायचं. तीस वर्षं गावच्या अंगणवाडीत होत्या. पोरांना गोष्टी सांगून, ओरडून, गाणी म्हणून आवाज असा झालेला. गॅदरिंगला गावात नाटकं बसवायच्या, तिथं स्वप्नालीनं त्यांना ऐकलं होतं.

आक्का अंगणात नाचणी वाळत घालत होत्या. शशीला बघून म्हणाल्या, "या पावणं. कुणाकडं आलाय?"

"तुमच्याकडंच, आक्का." त्यानं नाव सांगितलं. आक्कांनी ओळखलं नाही. मग त्यानं कोण ते सांगितलं. ती म्हस मीच जोडली होती, म्हणाला. भाग न बघता लिहिलं होतं, म्हणाला. पुढं काय बोलायचं ते त्यानं एसटीत तीनदा मनात घोकलं होतं, पण ते आठवलं नाही.

आक्का नाचणी पसरत राहिल्या. सगळी पसरून झाल्यावर हात झाडून पायरीवर बसल्या.

"गावातली पोरं मला बघून हंबरत्यात," त्या म्हणाल्या. "मीच शिकवलेली हायत. त्यांच्या आया बी मीच शिकवल्यात."

आक्का त्याच्याकडे वळल्या.

"मग आता किती दिलास?"

"नऊ दिलेत, आक्का."

"पैला दोन दिलास ते न बघता. आता नऊ दिलास ते लाजून. माझ्या कामाचं मार्क कवा देणार?"

आक्का उठून आत गेल्या, पाण्याचा तांब्या आणून त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "हाय काय त्यो भाग तुझ्या फोनात? मी आजून बघितला न्हाय. स्वप्नाली म्हणलीती दाखवतो, पर त्या हंबरण्यापायी मला धाडस हुईना. लाव."

पायरीवर दोघं शेजारी बसले आणि शशीनं भाग पहिल्यापासून लावला. आक्का चष्मा लावून, मान पुढं काढून बघत होत्या. सहाव्या मिनिटाला "बस पोरी" आलं तेव्हा शशीनं खाली बघितलं. आक्का म्हणाल्या, "थांबीव. हितं मी भ्यालोय. एवढं मोठं काम पैल्यांदाच हुतं, माईक बघून छाती धडधडाय लागली. मोरवा भीत न्हाय, मी भ्यालो. हितलं मार्क कापायचं."

शशीला तसंच वाटलं होतं. म्हणाला, "व्हय, इथं जरा घाईत वाटतंय."

"मग तसं लिवायचं हुतंस की. म्हस कशाला जोडलीस?"

पुढं प्रत्येक ठिकाणी त्या थांबवायला लावायच्या. हे बरं झालं. हे लांबलं. हिथं स्वप्नालीनं परत कराय सांगितलं हुतं, मी आयकलं न्हाय, तिचंच खरं हुतं. शशीही बोलायला लागला. कुठं हिंदीतलं जास्त चांगलं, कुठं यांचं. एका जागी दोघांचं जमलं नाही. माशाच्या गोष्टीत आक्का हसल्या होत्या, ते शशीला खटकलं. मरणारी बाई हसेल का? आक्का म्हणाल्या, "माझी सासू मरायच्या दिशी हसलीती." त्यानं ते मान्य केलं नाही. त्यांनीही सोडलं नाही.

शेवटचा प्रसंग दोघांनी न थांबवता बघितला. संपल्यावर आक्कांनी चष्मा काढून पदराला पुसला. डोळे कोरडे होते.

"बोल आता."

"सात," शशी म्हणाला. "शेवटचा प्रसंग दहाचा हाय. पण पैली दहा मिनिटं कच्ची हायत."

"सात," आक्का म्हणाल्या. "हां. मी बी एवढंच दिलं असतं."

निघताना तो पाया पडायला वाकला. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. "माफी मागाय आलास, बरं केलंस," त्या म्हणाल्या. "पर माफ केलं म्हणून सांगत न्हाय. तू खाली जाऊन मोकळा हुशील. मला उद्या परत त्या पोरांपुढनं गिरणीतनं दळप आणाय जायाचं हाय."

त्यानं दुसऱ्याच दिवशी सात मार्कांचं लिहिलं. या वेळी मिनिटागणिक लिहिलं, काय कच्चं, काय पक्कं, आणि आवाज कुणाचा तेही नावानिशी लिहिलं, आक्कांना फोनवर विचारून. ते चारशे लोकांनी वाचलं. कंपनीला त्यानं तीन पत्रं पाठवली. तिसऱ्याला उत्तर आलं, की झालेला निर्णय बदलता येणार नाही. शाळेतल्या पोरांचं हंबरणं थांबावं म्हणून तो गावातल्या हेडमास्तरांनाही भेटून आला. त्यांनी पोरांना दम दिला. काही थांबली, काही लांबून हंबरायला लागली.

गेल्या मार्गशीर्षात गडहिंग्लजला शशीच्या चुलतभावाचं लग्न होतं. पंगतीत कुणीतरी ती क्लिप लावली आणि म्हणालं, "ही आमच्या शशीदादानं बनवली बरं का." सगळी पंगत हसली. शशीनं हात धुतला आणि उठला. मी शेजारीच होतो. मी त्याला काही बोललो नाही, कारण ती क्लिप त्या घरापर्यंत कदाचित मीच पोचवली होती.

पान अजून चालू आहे. आता नऊएक हजार माणसं उरली आहेत. शशी प्रत्येक भाग दोनदा बघतो आणि रविवारची संध्याकाळ चुकली तरी चुकू देतो. अव्वाचा मार्क त्यानं बंद केला. लोकांनी विचारलं, त्यानं कारण सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात अडतिसावा भाग आला. त्यात मोरवा टाराच्या स्वप्नात येते, नव्या बाईंच्या आवाजात. बुधवारी दुपारी आम्ही चहा घेत होतो तेव्हा आक्कांचा फोन आला. त्या कधीमधी करतात, नाचणी पाठवू का म्हणून, नाहीतर असाच. शशीनं स्पीकर लावला नव्हता, पण आवाज मोठा आहे, मला ऐकू येत होतं.

"अडतिसावा बघितलास का?"

"बघितला, आक्का. दोनदा."

"नवी बाई कशी करतीया?"

शशीनं माझ्याकडे बघितलं. हातातला कप खाली ठेवला.

"चांगलं करतीय," तो म्हणाला.

आक्का म्हणाल्या, "व्हय. मी बी बघितला. चांगलंच करतीया." आणि त्यांनी फोन ठेवला.

शशी मोबाइल हातात धरून तसाच उभा राहिला. दुकानात कुणीतरी पंपाचं बेअरिंग घेऊन आलं होतं, अमरसिंह हाक मारत होते. तो दुसऱ्या हाकेला गेला.